ती शिवी नव्हती, मामा

विनूमामा,

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार चांगले शब्द लिहून दे, असं मला सांगण्यात आलं आहे. सांगणाऱ्यांना आपलं प्रकरण माहीत नाही असं नाही. चांगले शब्द कुठले आणि वाईट कुठले, हे ठरवायचं काम कारखान्याच्या वसाहतीत तुझंच होतं, आणि ते काम करताना तू माझं काय केलंस हे पिपलानीपासून बरखेड्यापर्यंत सगळ्या मराठी घरांना पाठ आहे. तरी मलाच सांगितलं. माणूस गेला की भांडण संपतं, असं त्यांना वाटत असणार. त्यांचं संपत असेल.

तुझी नोकरी, बढत्या, कारखान्याची सेवा, हे बाकीचे लिहितील. मी आपल्या दोघांपुरतंच लिहिते. वाचणाऱ्यांत नव्या सुनाही असतील, म्हणून मुळापासून सांगावं लागेल. तुला कंटाळा येईल, पण आता मधूनच उठून जायची सोय तुला नाही, आणि खरं सांगू, लिहायला बसले ती या एका विचारानेच.

आईचा तू धाकटा भाऊ. आपली क्वार्टर्स पाठीला पाठ लावून, मध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणात तुझ्या येण्याजाण्याने पडलेलं भगदाड. माझ्या जन्माआधी कारखान्याने तुला ट्रेनिंगला विलायतेला पाठवलं होतं. तिथून तू एक रेनकोट आणलास आणि इंग्रजी आणलंस. रेनकोट लवकर फाटला. इंग्रजी मात्र तू जन्मभर वापरलंस. बाकीच्यांचं इंग्रजी पुस्तकातलं होतं, तुझं कानातलं. आणि तुझ्या कानात ते ओतलं होतं तिकडच्या वर्कशॉपमधल्या फोरमनने. बाकी वेळ तू होस्टेलवर आपल्याच पोरांबरोबर खिचडी शिजवत होतास, त्यामुळे दुसरं इंग्रजी कानावर पडायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून आमच्याकडे होळीला तू पहिला घास घेऊन म्हणायचास, "ताई, ब्लडी गुड पुरणपोळी." आजीने एकदा अर्थ विचारला. तू म्हणालास, फार. ब्लडी म्हणजे फार. आजी साधी बाई. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने लखनौच्या, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या एका साहेबीणबाईंना सांगितलं की तुमचा चहा ब्लडी छान झालाय. त्या बाईंनी कप खाली ठेवला तो परत उचलला नाही. आजी घरी येऊन म्हणाली, लाजली बिचारी, कौतुकाची सवय नसेल.

आणि पोरांना तू "लिटल बगर" म्हणायचास. बारशाला पाळण्यात वाकून म्हणायचास. कोणीतरी एकदा दबकत विचारलं, देशपांडे, हे बरं नाही ना? तेव्हा तू जे उत्तर दिलंस त्याने वसाहतीत एका नव्या शब्दाचा जन्म झाला. "ही शिवी नाही, हे स्लँग आहे. तिकडे प्रेमाने म्हणतात." तेव्हापासून विनू देशपांडे बोलतो ते स्लँग, हा नियम झाला. त्याची दुसरी बाजू कोणी तोंडाने बोललं नाही, पण तीही नियमासारखीच पाळली जायची: विनू देशपांडेला माहीत नाही, ती शिवी. एकीच्या मुलीने दुधीच्या भाजीला "यक" म्हटलं, तर तू तिला चूळ भरायला लावलीस. पोरगी रडत होती, तिची आई तुला धन्यवाद देत होती.

मी कॉलेजात होते तेव्हा कारखान्यात नवीन मशीन बसवायला इंग्रज तज्ज्ञ आले. त्यांच्यातल्या एकाची बायको, मिसेस हॉज, गेस्ट हाउसमध्ये दिवसभर एकटी असायची. तिला पोहे करायला शिकायचं होतं, म्हणून आईने मला पाठवलं. ती पोहे शेवटपर्यंत शिकली नाही, न भिजवताच फोडणीला टाकायची. पण मला तिने शब्द दिले. कुठला शब्द मैत्रिणींत चालतो, कुठला आजीसमोर नाही, कुठला कुठेच नाही, हे ती कांदा चिरता चिरता सांगायची. तिचं म्हणणं असं, की स्लँग म्हणजे घरात घालायचा गाउन. त्यात वाईट काही नाही, फक्त दारात कोण आलंय ते बघायचं. शिवी म्हणजे भिरकावलेली बशी. तीही घरातलीच असते, पण ती कोणाला तरी लागावी म्हणून फेकतात. इतकं सोपं. तुझ्या विलायतेत तुला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला पोह्यांच्या बदल्यात मिळालं.

"चफ्ड" हा शब्द तिचाच. चफ्ड म्हणजे खूश. फार खूश असलो की "चफ्ड टु बिट्स". मला तो इतका आवडला की सायकल चालवताना मी तो एकटीच म्हणायचे.

मग त्या लोकांचा निरोप समारंभ ठरला, क्लबच्या हॉलमध्ये, आणि इंग्रजी सूत्रसंचालन मला मिळालं. आता नव्या लोकांना याचं काय वाटेल माहीत नाही, पण तोवर त्या माइकसमोर बाई उभी राहायची ती फक्त आभाराचा नारळ घ्यायला. शिवाय जनसंपर्क विभागाला इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती, आणि तिथले साहेब त्या संध्याकाळी मला ऐकायला येणार होते. बाबांनी माझ्यासाठी नवीन चपला आणल्या होत्या. ही नोकरी मला मिळणार, हे आमच्या घरात जवळजवळ ठरलं होतं.

तालमीच्या दुपारी सगळी कमिटी बसली होती, बायकाही होत्या. मी माइक धरून म्हणाले, वी आर चफ्ड टु बिट्स टु हॅव यू विथ अस. पुढचं वाक्य मला अजून येतं. ते मात्र कोणी ऐकलं नाही, कारण तू उभा राहिलास.

"मंजू, खाली उतर."

मी विचारलं, काय झालं.

"हा शब्द कुठून आणलास?"

मिसेस हॉजकडून, मी म्हणाले. तू कमिटीकडे असं बघितलंस की जणू चोरीचा माल सापडला. बायका आपापसात बोलतात ते स्टेजवर बोलायचं नसतं, असं म्हणालास. मी म्हटलं, मग अर्थ सांग ना मामा. तेव्हा तू जे म्हणालास ते मी तुला कधी विसरू दिलं नाही आणि आताही देणार नाही.

"बायकांसमोर सांगता येणार नाही."

तुला येतच नव्हता रे अर्थ. सांगणार काय होतास? पण हॉलमधल्या प्रत्येक डोक्यात त्या एका वाक्याने ज्याला जमेल तेवढा घाणेरडा अर्थ तयार झाला. मी म्हणाले, मिसेस हॉजला विचारू. तू म्हणालास, पाहुण्यांना असलं विचारतात का. मी म्हणाले, डिक्शनरी बघू. मंडळाच्या कपाटातली डिक्शनरी काढली, ती तुझ्याही आधीच्या काळातली. त्यात चफ्ड नव्हता. तू ती मिटलीस आणि म्हणालास, सभ्य शब्द असता तर असता.

बाबा मला मागच्या दाराने घरी घेऊन गेले. समारंभात केतकीने, तुझ्या मुलीने, कागदावरून "इट गिव्हज अस ग्रेट प्लेजर" वाचलं. जनसंपर्कात तीच लागली. तिने ती नोकरी चांगली केली, हेही लिहिते, कारण ती हे वाचणार आहे. तिच्यावर माझा राग नाही. माझा सगळा राग मी तुझ्यासाठी राखून ठेवला होता, उगाच वाटून कमी केला नाही.

पुढे पोरं मला सायकलवर बघून "चफ्ड, चफ्ड" ओरडायची. माझ्यासाठी स्थळ बघायला लागले तेव्हा नागपूरकडून चौकशी आली, मुलगी इंग्रजीत शिव्या देते म्हणे. शेवटी ज्याच्याशी लग्न झालं, त्याने बघायला आल्यावर पोह्यांना हात लावायच्या आधी तो शब्द काय आहे ते विचारलं. मी सांगितला. अर्थही सांगितला. "एवढंच?" म्हणाला. त्याची निराशा अजून गेलेली नाही.

सूड म्हणून मी काय करावं? मी एम. पी. नगरमध्ये झेरॉक्सच्या दुकानाच्या वर स्पोकन इंग्लिश शिकवायला लागले. दुसरं काही येत नव्हतं, हे एक कारण. पण खरं कारण तू. माझ्या कोर्समध्ये एक तास असतो, स्लँग आणि शिवी यांतला फरक. त्या तासाचा नायक तू. मी बोर्डवर "मि. व्ही." लिहायचे आणि तुझी वाक्यं घालायचे. मि. व्ही. आपल्या बहिणीच्या स्वयंपाकाला ब्लडी म्हणाले, हे काय आहे? मि. व्ही. बाळाला बगर म्हणाले, आता बाळाने इंटरव्ह्यूत तो शब्द वापरला तर काय होईल? पोरं हसून लोळायची. मि. व्ही. म्हणजे तो काका ना मॅम, जो सब जानता है, असं विचारायची. बॅचमागून बॅच तू चुकीचं उदाहरण म्हणून गेलास. माझी फी कमी होती, पण समाधान भरपूर होतं.

तुला हे कोणी सांगितलं ते मला कळलं नाही. पण रिटायर होऊन तू शाहपुऱ्याला राहायला गेलास, त्यानंतर एका संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या बाकावर येऊन बसलास. मी बोर्डवर नुकतंच मि. व्ही. लिहिलं होतं. पुसता आलं असतं. मी पुसलं नाही. उलट त्या दिवशी तुझी वाक्यं जास्त लिहिली, आजीचा चहाही सांगितला. पोरं हसत होती आणि तू मांडीवर हात ठेवून ऐकत होतास, जणू दुसऱ्याच कोणाचं चाललंय. मग तू हात वर केलास.

"मॅडम, एक डाउट है."

मी म्हटलं, बोलिए अंकल.

तू पोरांकडे वळून हिंदीत सांगितलंस. "हमारा फोरमन था उधर. मेरे को दिनभर ब्लडी बोलता था, और टिफिन का आधा पाव भी देता था. उसके ऊपर का साहब मेरे को 'माय डिअर फेलो' बोलता था. कभी बैठने को नहीं बोला. अब आप बताइए, गाली कौन दिया?"

वर्गात कोणी हसलं नाही. मग एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझ्याच वर्गात, माझ्याच बोर्डासमोर, माझ्याच फीच्या पोरांनी. मला तुझा अभिमान वाटला आणि हातातला डस्टर तुला फेकून मारावासा वाटला, दोन्ही एकाच वेळी. कारण ते खरं होतं. नुसता शब्द बघायचा नसतो, कोण कोणाला कसं म्हणतो तेही बघायचं असतं. मिसेस हॉजलाही हे इतकं नीट सांगता आलं नसतं. त्या तासात आजही मी ते सांगते, आणि तुझ्या नावाने सांगते, हे कबूल करायला मला काही जड जात नाही. कबूल करणं मला जमतं, बघ.

खाली रस्त्यावर आपण उसाचा रस घेतला. तू खुशीत होतास. तेव्हा मी विचारलं. "मग त्या दिवशी माझं का नाही बघितलंस? मी काय तोंडाने शिवी देत होते? मी खूश होते रे मामा, म्हणून म्हणाले."

तू ग्लासात बघितलंस. मग रस्त्याकडे. "बस आली," म्हणालास आणि चढलास. ती मिसरोदची बस होती. शाहपुऱ्याचा माणूस मिसरोदला गेला, पण उत्तर दिलं नाही. परत यायला तुला रात्र झाली आणि मामीने मला फोन करून झापलं.

त्यानंतर तू फोन करायला लागलास, हे मात्र मामीलाही माहीत नव्हतं. तुझी नात मोठी होत होती आणि घरात नवे शब्द आणत होती, आणि तुला घरातल्या कोणाला विचारायची लाज वाटायची. "मंजे, 'सिक' म्हणजे आजारी नाही का आता? स्लँग आहे का शिवी?" मी सांगायचे. "आणि 'सॅव्हेज'?" तेही सांगायचे. कधी कधी मलाच माहीत नसायचं, मग मी माझ्या मुलीला विचारायचे. ती म्हणायची, मम्मी, हा शब्द आता जुना झाला, तुम्ही दोघं बोलायला लागलात म्हणजे संपलाच. तेव्हा मला कळलं की स्लँग हे कोथिंबिरीसारखं, आज आणलं तर आजच. शिवी तेवढी लोणच्यासारखी टिकते. मी हे तुला सांगितलं तर तू खूप हसलास, आणि पुढच्या फोनमध्ये मलाच ते स्वतःचं म्हणून ऐकवलंस.

त्या फोनची मी वाट बघायचे. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. बाबा गेले तेव्हाही रोज संध्याकाळी येऊन आईजवळ गप्प बसणारा तूच होतास. मला स्कूटर तूच शिकवलीस, पडल्यावर आधी स्कूटर उचललीस, पण शिकवलीस. जगातले सगळे शब्द तू मला विचारलेस, मामा. एक सोडून. दर वेळी फोन वाजला की मला वाटायचं, आज विचारेल. आज म्हणेल, मंजे, तो तुझा चफ्ड, मला तेव्हा माहीत नव्हता गं. मी काही मोठं मागत नव्हते. मोठी माफी बिफी मला नकोच होती. मला फक्त हे एक वाक्य हवं होतं.

हॉस्पिटलमध्येही मी तुझ्याजवळ त्यासाठीच बसले होते. सगळ्यांना वाटलं, किती माया. तू डोळे उघडून मला जवळ बोलावलंस. मी कान तोंडाशी नेला. तू म्हणालास, इथला चहा ब्लडी पाणी आहे. मग डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं हे असं.

आता दहाव्याचं सांगते, कारण अंकवाल्यांनी मला ते लिहू नको असं खास सांगितलं आहे. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. कठड्यावर एक कावळा होता, पण तो येईना. मामी हात जोडून म्हणाली, मी केतकीकडे राहीन, एकटी राहायचा हट्ट करणार नाही. कावळा हलला नाही. केतकी म्हणाली, बाबा, तुमची पुस्तकं मी रद्दीत देणार नाही. नाही. नातीच्या शिक्षणाचं झालं, शाहपुऱ्याच्या घराचं झालं. गुरुजी घड्याळ बघत होते. बहनजी, मुझे मिसरोद में एक और है, म्हणाले. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

केतकीने माझा दंड धरला. "मंजू, तू म्हण. माफ केलं म्हण."

"कावळ्याला?"

"बाबांना. तुझ्यासाठीच अडकलेत ते."

मामी म्हणाली, "अगं, दोन शब्दांचं तर काम आहे. म्हण आणि त्यांनाही मोकळं कर."

माझा यावर विश्वास नाही. तुझाही नव्हता. पण त्या वेळी मला पहिल्यांदा असं वाटलं की तुला माझ्याकडून काहीतरी हवं आहे आणि ते माझ्या हातात आहे. इतकी वर्षं मी मागत होते आणि तू बसमध्ये चढत होतास. आता तू कठड्यावर होतास. मी चपला काढून पुढे गेले.

"मामा, तो शब्द शिवी नव्हता. तुला त्याचा अर्थ माहीत नव्हता. एवढं कबूल असेल, तर ये."

कावळा उतरला. सगळ्यांनी बघितलं. तो चालत चालत पिंडाजवळ आला, भाताकडे बघितलं, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. मग वळला आणि उडून तारेवर जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

मग मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "हेच ते," म्हणाली. "मेले तरी मान्य करायचे नाहीत."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मिसरोदला गेले. केतकी माझ्याशी अजून नीट बोलत नाही. म्हणते, माझ्यामुळे तुझं दर्भावर भागवावं लागलं. असेल. सगळ्यांचं मत असं, की मी तेव्हा मन मोठं करायला हवं होतं. तुझी नोकरी, तुझा मान, क्लबचा तो हॉल, सगळं तुझं मोठं होतं; मन तेवढं मी मोठं करायचं, हा हिशेब मला पटत नाही. म्हणून सगळ्यांना इथे छापून सांगते: मी माफ केलेलं नाही.

मात्र एक करते. कोचिंगच्या मागच्या गॅलरीत मी दुपारी डब्यातला भात थोडा काढून ठेवते. एक कावळा येतो. तूच असशील असं नाही, एम. पी. नगरात कावळे पुष्कळ. तो कठड्यावर बसून वाट बघतो. मी भातावर हात ठेवून उभी राहते आणि त्याला तो शब्द सांगते, अर्थासकट. तो मान वाकडी करतो. पोरं आतून ओरडतात, मॅम, क्लास. मी म्हणते, रुको. तास बुडाला तर बुडू दे, भात वाळला तर वाळू दे. मी हात काढणार नाही, मामा. आधी कबूल कर.